देवमाशाचा खूरवाला भाऊबंद

देवमासा हा मासा नाही, हे आपण विद्यार्थ्यांना प्राथमिक शाळेपासून सांगत आलो आहोत. तो फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो, त्यांना दूध पाजतो, म्हणून तो सस्तन प्राणी. एवढे उत्तर लिहिले की गुण मिळतात. पण एखाद्या चौकस मुलाने पुढे विचारले, "सर, सस्तन प्राणी तर जमिनीवरचे. मग हा पाण्यात गेला कधी? आणि जाण्यापूर्वी तो दिसत कसा होता?" तर आपल्यापैकी बहुतेकांची पंचाईत होते. पाठ्यपुस्तक तेथे थांबलेले असते.

देवगड-जामसंड्याच्या मुलांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यांच्या दृष्टीने देवमासा हे केवळ चित्रातले जनावर नाही. २०१५ साली कुणकेश्वरच्या जवळपासच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद कोकण किनाऱ्यावर सागरी सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. ग्रामस्थांनी आणि वनखात्याने त्याला पाण्यात परत लोटण्यासाठी शर्थ केली, पण ते वाचले नाही. डॉल्फिनही देवमाशांच्याच गटातले, आणि ते तर मालवण-देवगडच्या मच्छीमारांना नेहमी दिसतात.

या लेखात आम्ही या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. ते उत्तर सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका लहानशा प्राण्यापाशी जाऊन पोचते. त्याचे नाव इंडोहायस. मांजराएवढा, बारीक पायांचा आणि बोटांना खूर असलेला. तो सापडला तो भारतातच, जम्मूच्या डोंगरात. आणि त्याची ओळख पटायला ३६ वर्षे लागली.

जुना पेच

देवमासा आणि डॉल्फिन हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना पाजतात, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते. तरीही पुढे शतकानुशतके त्यांची गणना माशांतच होत राहिली. १७५८ साली कार्ल लिनिअसने आपल्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांना सस्तन प्राण्यांमध्ये आणून बसवले. जागा ठरली, पण शेजारी कोण हे ठरले नाही. कारण देवमाशाच्या शरीरात जमिनीवरच्या प्राण्याशी ताडून पाहता येईल असे फारसे काही उरलेलेच नाही. मागचे पाय नाहीत, केस जवळपास नाहीत, नाकपुड्या डोक्यावर सरकलेल्या, पुढच्या पायांची वल्ही झालेली.

चार्ल्स डार्विनलाही हा पेच पडला होता. १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाचे उदाहरण दिले. हे अस्वल तासन् तास तोंड उघडे ठेवून पोहते आणि पाण्यातले किडे पकडते. अशा प्राण्यापासून हळूहळू देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, अशी कल्पना त्याने मांडली. तिची इतकी थट्टा झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो भाग काढून टाकला. पाण्याकडे टप्प्याटप्प्याने वळण्याची कल्पना मुळात बरोबर होती. चुकले होते ते जनावर.

१८८३ साली इंग्लंडमधील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम फ्लॉवर यांनी एका व्याख्यानात वेगळीच दिशा दाखवली. देवमाशाच्या आतल्या अवयवांची रचना मांसाहारी प्राण्यांपेक्षा खूर असलेल्या प्राण्यांशी अधिक जुळते, असे त्यांनी सांगितले. पण त्याला जीवाश्मांचा पुरावा नव्हता, आणि पुरावा नसलेला विचार कितीही चांगला असला तरी तो विचारच राहतो.

दात एक सांगतात, रक्त दुसरे

विसाव्या शतकात या प्रश्नावर दोन साक्षीदार पुढे आले आणि त्यांच्या साक्षी जुळेनात.

पहिला साक्षीदार दातांचा. १९६६ साली अमेरिकेतील ले व्हॅन व्हेलन यांनी दाखवून दिले की सर्वांत जुन्या देवमाशांचे त्रिकोणी दात मेसोनिकिड नावाच्या नामशेष प्राण्यांच्या दातांसारखे आहेत. हे मेसोनिकिड लांडग्यासारखे दिसणारे, मांस खाणारे, पण पायांना खूर असलेले विचित्र प्राणी होते. पुढची ३० वर्षे बहुतेक जीवाश्मशास्त्रज्ञ हेच देवमाशांचे पूर्वज असे मानत होते.

दुसरा साक्षीदार रक्ताचा. १९५० सालीच बॉयडन आणि जेमेरॉय यांनी रक्तद्रवाच्या चाचण्या करून देवमासा हा गाय, डुक्कर, उंट यांच्या म्हणजे समखुरी प्राण्यांच्या जवळचा असल्याचे म्हटले होते. १९९० नंतर जनुकांची तुलना करण्याचे तंत्र आले आणि ही साक्ष अधिक ठाम झाली. १९९७ आणि १९९९ साली जपानी संशोधकांनी देवमासा, पाणघोडा आणि रवंथ करणारे प्राणी यांच्या डीएनएमध्ये अगदी त्याच त्या ठिकाणी घुसलेले काही तुकडे शोधून काढले. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकाच ओळीवर एकच चुकीचा शब्द सापडला तर आपण काय समजतो? दोघांचा मूळ कागद एकच. येथेही तसेच होते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा निघाला.

समखुरी म्हणजे काय हे येथे थोडक्यात पाहू. खूर असलेल्या प्राण्यांचे दोन मोठे गट आहेत. घोडा, गेंडा, टॅपिर यांच्या शरीराचा भार पायाच्या मधल्या एका बोटावर येतो, हे विषमखुरी. गाय, शेळी, हरिण, डुक्कर, उंट यांच्या पायात भार मधल्या दोन बोटांवर सारखा वाटला जातो; हे समखुरी. जनुकांच्या साक्षीचा अर्थ असा की गाय आणि घोडा यांच्यापेक्षा गाय आणि देवमासा यांचे नाते अधिक जवळचे आहे. ऐकायला विपरीत वाटते, आणि १९९० च्या दशकात जीवाश्मशास्त्रज्ञांनाही ते विपरीतच वाटत होते. दात खोटे बोलत होते की रक्त?

पाय असलेले देवमासे

दरम्यान जमिनीतून नवा पुरावा बाहेर येत होता, आणि तो बहुतेक सगळा भारतीय उपखंडातून. याचे कारण भूगोलात आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडत होता. दोहोंच्या मध्ये टेथिस नावाचा उबदार, उथळ समुद्र आक्रसत चालला होता. त्याच्या काठच्या खाड्या, दलदली आणि नद्या ही देवमाशांच्या पूर्वजांची जन्मभूमी.

१९८१ साली फिलिप जिंजरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीला पाकिसेटस हे नाव दिले. तिचे वय सुमारे ५ कोटी वर्षे. १९९४ साली हान्स थेविसेन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी ॲम्ब्युलोसेटसचे वर्णन प्रसिद्ध केले. या नावाचा अर्थच चालणारा देवमासा. त्याला चार भक्कम पाय होते आणि तो मगरीसारखा पाण्यात दबा धरून बसत असावा.

भारतातही काम चालू होते. कच्छमध्ये १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी प्राचीन देवमाशांचे जीवाश्म शोधले. १९७५ साली त्यांनी त्यांतल्या एकाला इंडोसेटस असे नाव दिले. २००० साली सुनील बाजपेयी आणि थेविसेन यांनी कच्छमधूनच कच्छिसेटस हा लहान, लांब शेपटीचा देवमासा जगापुढे आणला. हे सगळे ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे प्राणी.

मग २००१ चा सप्टेंबर उजाडला. एकाच आठवड्यात दोन संशोधन निबंध प्रसिद्ध झाले, एक जिंजरिच यांच्या गटाचा, दुसरा थेविसेन यांच्या गटाचा. दोघांनाही प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे मिळाली होती. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील एका हाडाला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना रहाटाच्या चाकासारखी खाच असते. ही दुहेरी कप्पी दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात आढळत नाही. प्राचीन देवमाशांच्या घोट्यात तीच दुहेरी कप्पी होती. मेसोनिकिडांच्या घोट्यात ती नव्हती.

निकाल लागला. रक्त खरे बोलत होते. दातांचे साम्य हे नात्यामुळे नव्हते. दोघांचा आहार सारखा असल्यामुळे दातही सारखे झाले होते. देवमासा आणि मासा यांचा आकार सारखा असतो त्यातलाच हा प्रकार.

या प्रकरणात विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. जनुकांच्या अभ्यासकांनी आधी भाकीत केले होते. त्यांचे म्हणणे खरे असेल तर प्राचीन देवमाशांचा घोटा समखुरी प्राण्यासारखा निघायला हवा होता. घोटा वेगळा निघाला असता तर ते म्हणणे अडचणीत आले असते. उत्क्रांती ही तपासून पाहता येत नाही, असे जे म्हणतात त्यांनी या हाडाची गोष्ट जरूर ऐकावी.

कालाकोटचे दगड

आता एकच दुवा राहिला होता. देवमासे समखुरी प्राण्यांपासून आले हे ठरले, पण समखुरींपैकी कोणापासून? पाणघोडा हा जिवंतांमधला जवळचा नातेवाईक खरा, पण पाणघोड्यांचे जीवाश्म देवमाशांच्या मानाने फार अलीकडचे. त्या काळातला, जमिनीवरचा सगासोयरा कोण?

त्याचे उत्तर तेव्हा डेहराडूनला दगडांत बंद होते.

ए. रंगा राव हे तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात काम करणारे भूशास्त्रज्ञ. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तेथील डोंगरात त्यांना सस्तन प्राण्यांच्या हाडांनी भरलेले दगड सापडले. १९७१ साली त्यांनी जबड्याच्या आणि दातांच्या तुकड्यांवरून काही नवे प्राणी जाहीर केले. त्यांतल्या एकाला त्यांनी इंडोहायस हे नाव दिले. 'हायस' म्हणजे ग्रीक भाषेत डुक्कर. तेव्हा इंडोहायस म्हणजे भारतीय डुक्कर. दात पाहता तो डुकरांच्या गणगोतातला समखुरी वाटला, आणि त्यात नवल नव्हते. हातात दातच होते.

त्याच वर्षी साहनी आणि खरे यांनी कालाकोटच्याच एका प्राण्याला रंगा राव यांच्या सन्मानार्थ रावेला हे नाव दिले. पुढे १९८१ साली या सर्व प्राण्यांचे मिळून रावेलिडी हे कुल मानण्यात आले. म्हणजे एका भारतीय भूशास्त्रज्ञाचे नाव एका संपूर्ण कुलाला मिळाले. पण हे कुल जगाच्या दृष्टीने तसे बिनमहत्त्वाचे होते. त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

रंगा राव यांनी कालाकोटहून आणलेले अनेक दगड फोडायचे राहून गेले. त्यांच्या निधनानंतर ते त्यांच्या पत्नी डॉ. फ्रीडलिंडे ओबरगफेल यांनी सांभाळले. त्या स्वतः भूशास्त्राच्या जाणकार होत्या आणि दगडांची किंमत ओळखून होत्या. घरातली जुनी अडगळ काढून टाकावी तसे ते कोणी फेकून दिले असते, तर आपली गोष्ट येथेच संपली असती. त्यांनी ते दगड अभ्यासासाठी थेविसेन यांच्या हाती दिले.

अमेरिकेतील ओहायो राज्यात थेविसेन यांच्या प्रयोगशाळेत हे दगड फोडून हाडे मोकळी करण्याचे काम सुरू झाले. हे काम फार चिकाटीचे असते. एका कवटीवरचा दगड काढताना तंत्रज्ञाच्या हातून ती चुकून फुटली आणि कानाजवळचा भाग उघडा पडला. थेविसेन यांनी तो पाहिला आणि त्यांच्या लक्षात आले की असा कान आपण आजवर फक्त देवमाशांतच पाहिलेला आहे.

कान, हाडे आणि दात

सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानावर हाडाची एक वाटी असते. देवमासा आणि डॉल्फिन यांच्यात या वाटीची आतली कड चांगलीच जाड आणि भरीव असते, बाहेरची बाजू मात्र पातळ असते. या जाड कडेला इन्व्होल्युक्रम म्हणतात. पाण्याखाली ऐकण्याशी तिचा संबंध आहे. पाकिसेटसला पाय असूनही देवमासा मानले गेले ते प्रामुख्याने या खुणेवरून. तीच खूण आता इंडोहायसच्या कवटीत दिसत होती.

पण एका खुणेवर नाते ठरवणे धोक्याचे असते. दातांच्या बाबतीत काय झाले ते आपण पाहिलेच. म्हणून बाजपेयी, थेविसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुरावे गोळा केले. या गटात डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे बी. एन. तिवारी हेही होते. २० डिसेंबर २००७ रोजी 'नेचर' या साप्ताहिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

दुसरा पुरावा समोरच्या दातांचा. इंडोहायसचे पुढचे दात आडव्या ओळीत नसून देवमाशाप्रमाणे पुढून मागे असे रांगेत होते.

तिसरा पुरावा हाडांच्या जाडीचा. जमिनीवर पळणाऱ्या प्राण्याच्या पायाचे हाड आतून पोकळ असते, म्हणजे हलके पण मजबूत. इंडोहायसच्या पायांच्या हाडांची भिंत जाड आणि आतली पोकळी अरुंद होती. पाणघोड्याची हाडेही अशीच जड असतात, म्हणून तो नदीच्या तळावरून चालू शकतो. पाणबुडे कमरेला शिशाची वजने बांधतात तसाच हा निसर्गाचा उपाय. काटकुळ्या पायांच्या, भित्र्या प्राण्याला जड हाडे कशाला हवीत? पाण्यात पाय टेकण्यासाठी.

चौथा पुरावा सर्वांत सुंदर आहे, आणि तो रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे समस्थानिक असतात, ऑक्सिजन-१६ आणि ऑक्सिजन-१८. जमिनीवरच्या प्राण्याच्या अंगातून घाम आणि उच्छ्वास यांवाटे पाण्याची वाफ जाते. वाफ होताना हलका ऑक्सिजन असलेले पाणी आधी उडते, त्यामुळे अंगात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. जो प्राणी पाण्यात राहतो त्याच्या बाबतीत हे फार घडत नाही. दात तयार होताना अंगातला ऑक्सिजन दाताच्या कवचात कायमचा बंदिस्त होतो. इंडोहायसच्या दातांत जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी निघाले, म्हणजे त्याचा बराच वेळ पाण्यात जात होता. कार्बनच्या समस्थानिकांनी मात्र वेगळी माहिती दिली. त्याचे खाणे प्राचीन देवमाशांसारखे पाण्यातले नव्हते, ते जमिनीवरच्या वनस्पतींकडे बोट दाखवत होते.

आता चित्र पाहा. पाण्यात राहतो, पण जेवतो काठावर. देवमाशांच्या पूर्वजांनी पाण्यात उडी घेतली ती माशांच्या लोभाने, असा पूर्वी समज होता. इंडोहायस सांगतो की आधी पाण्याचा आसरा आला, मासे खाणे नंतर आले.

पिसोरीची साक्ष

खूर असलेला चिमुकला प्राणी पाण्यात काय करीत असेल याची कल्पना करायला आपल्याला लांब जायला नको. सह्याद्रीच्या दाट रानात पिसोरी असते. सशापेक्षा थोडी मोठी, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, शिंगे नाहीत, पाय काडीसारखे. जेमतेम ३ किलो वजनाचे हे आपले सर्वांत लहान खूरवाले जनावर. इंडोहायसचा बांधा साधारण असाच होता.

आफ्रिकेत पिसोरीची एक भावंड-जात आहे. आकाशात गरुड दिसला की ती सरळ ओढ्यात उडी मारते, पाण्याखाली जाते आणि धोका टळेपर्यंत तळाशी चालत राहते. आशियातील पिसोरीच्या काही जाती पाठलाग झाल्यावर असेच करतात, हे बोर्निओ आणि श्रीलंका येथील निरीक्षणांतून २०१० च्या सुमारास पुढे आले. इंडोहायसच्या पाणी गाठण्यामागेही असेच भय असावे, अशी थेविसेन यांची मांडणी आहे.

यात घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. पिसोरी ही देवमाशाची पूर्वज नव्हे. ती आजची, स्वतंत्र वाटेने आलेली जात आहे. तिचा उपयोग आपल्याला फक्त वागणूक समजून घेण्यापुरता. तरी नात्याची एक गंमत आहेच. पिसोरी रवंथ करणाऱ्यांतली आहे, आणि जनुकांच्या हिशेबाने तिचे देवमाशाशी असलेले नाते रानडुकराशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे आहे.

पूर्वज नव्हे, भाऊबंद

वर्तमानपत्रांनी २००७ साली देवमाशाचा पूर्वज सापडला असे मथळे दिले. शिक्षकांनी येथे सावध राहावे. कालाकोटचा इंडोहायस ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि पाकिसेटस सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. नातवानंतर आजोबा कसा जन्माला येईल?

कोकणातल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. एका घराण्यातली एक शाखा शंभर वर्षांपूर्वी मुंबईला गेली. तिथे तिचे राहणे, बोलणे, जेवणखाण सगळे बदलले. दुसरी शाखा गावात मूळ घराच्या आसपास राहिली. पणजोबांच्या काळी घरातले रीतिरिवाज कसे होते हे जाणून घ्यायचे असेल तर आपण गावातल्या शाखेकडे जातो. गावातला चुलतभाऊ हा मुंबईकराचा पूर्वज नसतो, पण पूर्वजांच्या खुणा त्याच्याकडे अधिक टिकलेल्या असतात. इंडोहायस हा असा गावी राहिलेला भाऊबंद आहे. त्याचा आणि देवमाशांचा जो समान पूर्वज, तो त्याहून जुना.

२००७ च्या निबंधातला सगळाच भाग जसाच्या तसा टिकला असेही नाही. त्यात पाणघोड्याला देवमाशांपासून दूर ठेवले होते. २००९ साली जोनाथन गाइसलर आणि जेसिका थिओडोर यांनी त्याच 'नेचर'मध्ये फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते नामशेष प्राण्यांत इंडोहायस हा देवमाशांच्या सर्वांत जवळचा आणि जिवंतांत पाणघोडा. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. आज हेच चित्र सर्वसाधारणपणे मानले जाते. रावेलिडी कुलाचा शोधही थांबलेला नाही. २०२१ साली राजौरी जिल्ह्यातूनच या कुलातील राजौरिया नावाच्या आणखी एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

आपल्या सड्यावर का नाही?

मग असे जीवाश्म जामसंड्याच्या सड्यावर का सापडत नाहीत, असे मुले विचारतील. उत्तर पायाखालीच आहे. कोकणातला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावरचा जांभा हा त्या खडकाच्याच झिजण्यातून, पावसाने क्षार धुऊन नेल्यावर तयार झालेला. लाव्हाच्या ज्वाळेत किंवा जांभ्याच्या आम्लधर्मी भुसभुशीतपणात हाडे टिकत नाहीत. हाडे टिकण्यासाठी गाळ हवा, आणि तो लवकर साचायला हवा. इंडोहायसच्या काळातला असा गाळ कालाकोटला दगड होऊन वर उचलला गेला. कच्छमध्ये तो समुद्रकाठी राहिला. आपल्याकडे त्या काळाचे पान नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली काही ठिकाणी लिग्नाईट आणि मातीचे थर मिळतात, पण ते बरेच नंतरचे, आणि त्यांत मिळतात ते वनस्पतींचे अवशेष.

पृथ्वीचा इतिहास हा असा जागोजागी विखुरलेल्या पानांचा ग्रंथ आहे. एका गावात तो सगळा वाचता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

हा विषय वर्गात नेण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. बोकडाच्या मागच्या पायाचा घोटा मटणाच्या दुकानातून मागून आणावा, उकळून स्वच्छ करावा आणि त्यातले कप्पीसारखे हाड वेगळे काढावे. दोन्ही टोकांच्या खाचा मुलांना बोटाने चाचपू द्याव्यात. २००१ साली जगभरच्या शास्त्रज्ञांचा वाद मिटवणारी खूण तीच आहे.

दुसरे निरीक्षण शेपटीचे. बंदरावर आलेली बांगडा किंवा सुरमई पाहा. शेपटी उभी असते आणि मासा ती डावी-उजवीकडे हलवतो. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. धावणाऱ्या कुत्र्याकडे पाहा. त्याचा कणाही वर-खाली वाकतो. देवमासा आपले पूर्वीचे धावणे पाण्यात घेऊन गेला आहे.

रत्नागिरीला सहल जाणार असेल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा अवश्य दाखवावा. त्याच्या वल्ह्यात दंड, मनगट आणि बोटे यांची हाडे मोजायला सांगावे. वल्ह्याला बोटे कशासाठी, हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ सालच्या पुस्तकात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांचा आहे. जोडणारे दुवे म्हणून त्यात पेरिपॅटस, प्लॅटिपस आणि फुफ्फुसमासा यांची उदाहरणे येतात. ती चांगली आहेत, पण त्यांतला एकही प्राणी मुलांनी पाहिलेला नसतो. देवमाशाचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचे आहे आणि त्याचे पुरावे आपल्या देशातल्या दगडांतून, आपल्या शास्त्रज्ञांच्या हातून आले आहेत. २०२३ साली राष्ट्रीय पातळीवरील दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशातील १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याला लेखी विरोध केला. विषय पुस्तकात असो वा नसो, तो शिकवण्याचे साधन शिक्षकाच्या हाती असते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी. इंडोहायस दोनदा सापडला. एकदा १९७१ साली डोंगरात, आणि दुसऱ्यांदा कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या त्याच डोंगराच्या दगडात. हे दगड कोठून आणले, कोणत्या थरातून आणले, ही माहिती त्यांच्याबरोबर टिकली म्हणूनच दुसऱ्या शोधाला अर्थ आला. माहिती हरवली असती तर उरली असती ती नुसती जुनी हाडे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात शिंपले, खडक, बिया, पक्ष्यांची पिसे पडलेली असतात. त्यांवर गावाचे नाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली एक चिठ्ठी आजच चिकटवून ठेवावी. त्यांतल्या कोणत्या वस्तूला पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे आज सांगता येत नाही.